गाडीतला खाऊ : स्वस्त, सोपा आणि सीटवर न सांडणारा

मागची सीट

सुट्टीत गाडीने लांब जायचं ठरतंय. सात-आठ तासांचा रस्ता आणि गाडीत पाच माणसं : आम्ही दोघं, सासरे, नऊ वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी. कुठेही थांबलं की मुलांना भूक लागते. खरं तर भूक नसते, पाकीट लटकलेलं दिसलं की ती लागते. जेवणापेक्षा या अधल्यामधल्या पाकिटांवरच जास्त पैसे जातात आणि पोट मात्र कुणाचंच भरत नाही. म्हणून यावेळी खाऊ घरूनच न्यायचा आहे.

अटी अशा : स्वस्त हवा, आदल्या रात्री तासाभरात आवरला पाहिजे, तेलकट नको (मुलीला गाडी लागते) आणि सांडलवंड कमी. नुसत्या पदार्थांच्या याद्या खूप मिळतात. तुम्ही खरंच काय नेता, कशात भरता आणि त्यातलं काय न खाता परत येतं, ते ऐकायचंय.

थर्मास

वाचतेय. आमचंही जायचं घाटतंय. परत काय येतं ते मीच सांगते : हौसेने केलेलं सगळं.

हिशेबनीस

आधी खर्चाचं बोलू. घरून नेलं म्हणजे स्वस्त पडलं, असं काही नसतं. प्रवासासाठी म्हणून वेगळी खरेदी केली की घरचा खाऊसुद्धा महागच पडतो. दोन-दोन बिस्किटांची वेष्टनं, चार घोटांचे रस, 'प्रवासासाठी खास' म्हणून विकली जाणारी मिश्रणं, या सगळ्यांत आपण वस्तूपेक्षा वेष्टनाचे पैसे मोजतो. दुकानात पुड्याची किंमत वाचू नका, 100 ग्रॅमला किती पडले ते काढा. मोठा पुडा आणायचा आणि घरी छोट्या डब्यांत वाटायचा. मुलांनाच बसवावं या कामाला. एक डब्यात, एक तोंडात अशी थोडी गळती धरून चाला.

माझं ठरलेलं सामान म्हणजे मक्याच्या लाह्या, भाजलेले शेंगदाणे, मनुका किंवा खजूर, केळी, सफरचंदं आणि ब्रेडचं काहीतरी. बास. लाह्यांइतकं स्वस्त दुसरं काही माझ्या पाहण्यात नाही. अर्धी वाटी दाण्यांत पातेलं भरतं. फक्त त्या पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत, वाफ धरते आणि सकाळी चामट लागतात. आणि लाह्यांनी पोट भरत नाही, नुसतं तोंड चालू राहतं, हेही लक्षात ठेवायचं. पोटाला शेंगदाणे. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात. मूठभर खाल्ले की पोरं बराच वेळ काही मागत नाहीत.

आणि पाणी घरून भरून न्या हो. बिलं जपून ठेवलीत तर दिसेल, रस्त्यात निम्मे पैसे पिण्यात जातात. त्यातून गोड पेयांनी तहान काही भागत नाही. वर थोड्या वेळाने गाडी थांबवावी लागते ती वेगळीच.

किलोमीटर

चालवणाऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण खाऊच्या चर्चेत त्याला कुणी विचारत नाही.

पहिली गोष्ट वास. काचा बंद, एसी चालू आणि मागे कुणीतरी उकडलेल्या अंड्याचा डबा उघडला की पुढचा तासभर तोच वास. कांदा घातलेलं काहीही, तेच. फार पिकलेलं केळं, तेच. घरात या सगळ्याचं काही वाटत नाही, गाडीत वाटतं. हे पदार्थ आणा, पण उतरून खायला.

दुसरं, चालवताना मला भरवू नका. प्रेमाने पुढे आलेला घास बघायला मान वळते, तेवढ्यात पुढची गाडी थांबलेली असते. मी तसाही दर दोन तासांनी थांबतो, पाय मोकळे करायला. त्यामुळे आमच्याकडे खाऊ तासांवर नाही, थांब्यांवर मोजतात. तीन थांबे धरले तर तीन पिशव्या. पहिल्या थांब्याची पिशवी सगळ्यात वर.

तिसरं, जड बाटल्या आणि स्टीलचे डबे मागच्या काचेशी किंवा मोकळ्या सीटवर ठेवू नका. कच्चकन ब्रेक लागला की गाडी थांबते, बाटली थांबत नाही. जड ते पायाशी किंवा डिकीत.

मागची सीट

थांब्यांवर मोजायचं हे आवडलं. हिशेबनीस, लाह्या मुलाला चालतील, पण तीन वर्षांच्या मुलीला देऊ का? घरी ती आमच्यासमोर एखाद-दुसरी खाते.

डबा उघडा

नका देऊ. मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, घाबरवण्यासाठी नाही.

चार वर्षांच्या आतल्या मुलांना लाह्या, अख्खे शेंगदाणे-बदाम, कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं आणि कच्च्या गाजराच्या चकत्या द्यायच्या नसतात. या वयात मागच्या दाढा पुऱ्या आलेल्या नसतात, आल्या तरी नीट चावण्याची सवय नसते आणि श्वासनलिका अरुंद असते. गोल, गुळगुळीत किंवा कडक तुकडा तिच्यात बुचासारखा बसतो. घरी समोर बसून खाणं वेगळं आणि गाडीत वेगळं. गाडीत मूल पट्ट्यांनी बांधलेलं असतं, हिसके बसतात, मध्येच हसू येतं, मध्येच डोळा लागतो. आणि घास खरोखर पूर्ण अडकला की मूल ओरडत नाही, खोकतही नाही. आवाजच येत नाही. पुढे बसलेल्याला वाटतं, झोपली वाटतं.

म्हणून लहान मूल खात असताना शेजारी मोठं माणूस बसलेलं हवं. झोपाळलेल्या मुलाच्या हातात काही ठेवायचं नाही.

मग तिला काय द्यायचं? पिकलेल्या केळ्याचे तुकडे. गाजराच्या बोटाएवढ्या फोडी, पण बोटात दाबली की चेंगरेल इतपत वाफवलेल्या. द्राक्षं उभी चिरून, एकाचे चार भाग. (आडवी चिरलीत तर तुकडा गोलच राहतो, त्याचा उपयोग नाही.) चीजचे चौकोनी ठोकळे न करता पातळ पट्ट्या. शेंगदाण्याचं लोणी ब्रेडवर पातळ पसरून चालतं, चमच्याने गोळा तोंडात नको. सफरचंद कडक असेल तर वाफवून नाहीतर किसून. आणि आणखी कुणी वाचत असेल त्यांच्यासाठी : वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, बिस्किटाला लावूनसुद्धा नाही.

थर्मास

आडव्या-उभ्याचं हे माहीतच नव्हतं. डबा उघडा, आभार.

उंटावरचा

मी वेगळंच म्हणतो. गाडीत खायचंच कशाला? दोन तास न खाता माणूस राहू शकत नाही का? आमच्या लहानपणी... (नको, ते राहू दे.) पण खरंच, खाऊ हा आपण कंटाळ्यावरचा इलाज करून टाकलाय. मूल कुरकुरलं की डबा पुढे. थांबा, उतरा, झाडाखाली बसा, खा, हात धुवा, निघा. सीट स्वच्छ, पोट शांत आणि चालवणाऱ्याला विश्रांती. गाडीत फक्त पाणी.

ओली फडकी

उंटावरचा, तत्त्वतः मान्य. रहदारीत दीड तास अडकल्यावर मागे भुकेलेलं मूल घेऊन तत्त्व सांभाळून दाखवा.

तरी तुमच्या बाजूने एक मुद्दा मीच देते. गाडी मीच साफ करते, त्यामुळे कुठे काय जातं ते मला ठाऊक आहे. लहान मुलांच्या सीटचं बक्कल असतं ना, त्याच्या खाचेत बिस्किटाचा चुरा आणि रसाचे थेंब जाऊन बसतात. थर साचला की 'टक' आवाज नीट येत नाही, लागल्यासारखं वाटतं आणि पूर्ण लागलेलं नसतं. ही फक्त स्वच्छतेची बाब नाही. निघायच्या आदल्या दिवशी बक्कल दोनदा लावून-काढून बघा. धुवायचं असेल तर सीटबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलंय तसंच धुवा. पट्ट्यांना कडक साबण किंवा ब्लीच लावलं तर त्या कमजोर होतात.

म्हणून माझी खाऊची चाळणी एकच : तुकडा पडला तर उचलता येतो का? द्राक्ष पडलं, उचललं. काकडीची फोड पडली, उचलली. मनुका पडली, सापडली तर उचलली. भुसभुशीत बिस्किट पडलं की संपलं. खुसखुशीत आणि पापुद्र्याचं काहीही गाडीत उघडायचं नाही, ते थांब्यावर. वितळणारं तर अजिबात नाही. चॉकलेट साधारण 34 अंशांच्या आत-बाहेर वितळतं, म्हणजे मुलाच्या मुठीतच.

नवखी

विषय निघालाच आहे तर विचारते, गाडी लागणाऱ्या मुलांना निघताना काय खायला द्यायचं? आमच्याकडे दोन मतं आहेत. आई म्हणते उपाशी ने, काही बाहेर यायला नको. नवरा म्हणतो पोटभर खाऊ घाल.

डबा उघडा

दोघांचंही नको. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि गच्च भरलेल्या पोटीही. निघायच्या तासभर आधी थोडंसं, कोरडं, साधं खायला द्या. टोस्ट, साधी बिस्किटं, केळं. तेलकट, तिखट आणि उग्र वासाचं नको. वाटेत थोड्या थोड्या वेळाने एखादं कोरडं बिस्किट आणि पाण्याचे छोटे घोट. एकदम ग्लासभर नको.

मूळ दुखणं पोटाचं नसतंच. कान सांगतो आपण हलतोय, आणि डोळे पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये असले तर ते सांगतात आपण स्थिर आहोत. मेंदूचा गोंधळ उडतो. दोन ते बारा वर्षांत हा त्रास जास्त दिसतो. तेव्हा खाऊइतकंच महत्त्वाचं म्हणजे स्क्रीन बंद आणि नजर लांब, समोरच्या काचेतून बाहेर. औषध द्यायचं असेल तर वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारूनच.

किलोमीटर

आणि एक पिशवी, एक ओला रुमाल, एक टीशर्ट हाताशी ठेवा. डिकीत ठेवलेल्या पिशवीचा त्या क्षणी काही उपयोग नसतो.

थर्मास

माझा प्रश्न गारव्याचा आहे. चीज-काकडीचे सँडविच आणि दही न्यायचंय. साधी थर्माकोलची पेटी आहे, विजेवरची वगैरे घेणार नाही. टिकेल का? आणि बर्फ विकत घ्यायचा नाहीये.

किलोमीटर

विकत कशाला? पिण्याच्या पाण्याच्याच बाटल्या गोठवा. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, पाण्याचा बर्फ होताना ते साधारण 9 टक्के फुगतं, बाटली तडकते. आदल्या दिवशी सकाळीच फ्रीजरमध्ये टाका. रात्री टाकलेली मोठी बाटली पहाटे मध्ये पाणीच असते. दुपारी बर्फ वितळला की प्यायला गार पाणी, पैसे शून्य.

पेटी भरताना :

रिकामी पेटी रात्रभर एक गोठलेली बाटली टाकून गार करून घ्या. घरातल्या उन्हाळ्यात तापलेल्या पेटीत बर्फ टाकला की अर्धा बर्फ पेटी गार करण्यातच जातो. पदार्थही फ्रीजमधून थेट पेटीत गेले पाहिजेत, ओट्यावर मांडून ठेवून नव्हे. बर्फाच्या बाटल्या तळाशी आणि शिवाय एक सगळ्यांच्या वर, कारण गार हवा खाली उतरते. पेटी अर्धवट भरलेली असेल तर वरच्या पोकळीत टॉवेल कोंबा. पेटी डिकीत नाही, एसी लागेल अशा जागी, पायाशी.

सगळ्यात मुख्य म्हणजे, पाण्याची पेटी वेगळी आणि खाण्याची वेगळी. पाण्यासाठी दर दहा मिनिटांनी झाकण उघडतं. त्याच पेटीत दही असेल तर त्याचं काही खरं नाही. दुसरी पेटी नसली तर पाणी साध्या पिशवीत न्या, पण दह्याच्या पेटीला हात लावू देऊ नका.

हिशेबनीस

टिकण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. नासणारे पदार्थ (दूध-दही, चीजचे सँडविच, अंडी, मांस, शिजवलेला भात, चिरलेली फळं) साधारण 4 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. अमेरिकेच्या कृषी खात्याची ही शिफारस आहे, जंतू काही देश बघून वाढत नाहीत. आणि उन्हात उभी केलेली गाडी पहिल्या दहा मिनिटांतच आतून दहाएक अंशांनी तापते. म्हणजे जेवायला उतरलात आणि खाऊची पिशवी सीटवर राहिली की तुमचा एक तास तिथेच सुरू झाला.

शिजवलेल्या भाताबद्दल विशेष सांगतो, कारण 'सोपा आहे' म्हणून अनेक जण डबा भरतात. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. आंबला नाही, वास नाही, म्हणजे चांगला आहे असं समजू नये. गार पेटी नसेल तर भात नेऊच नका.

मी तर सरळ दोन भाग करतो. दुपारच्या आत संपवायचे ते ओले पदार्थ, आणि नंतरचं सगळं कोरडं. संध्याकाळच्या वेळेला बर्फावर भरवसा ठेवायचाच कशाला?

थर्मास

मग काकडी?

ओली फडकी

काकडी सँडविचात घालूच नका, शेजारी ठेवा. अख्खी नेलीत तर गार पेटीही लागत नाही, थांब्यावर चिरा. ब्रेडला लोणी लावताना मधोमध थापून सोडून देतात, ते नको. कडेपर्यंत पातळ थर दोन्ही कापांना लावायचा. लोण्यातून पाणी आत शिरत नाही, ब्रेड ओला होत नाही. टोमॅटो तर ब्रेडचा वैरीच, तोही वेगळा. सँडविच उभे रचा, एकावर एक आडवे नाही. खालचा सँडविच दर वेळी चपटा निघतो आणि मग तो कुणी घेत नाही.

सफरचंद चिरून न्यायचं असेल तर एक युक्ती. मधला देठ-बियांचा भाग अख्खा राहील असं चारी बाजूंनी सरळ कापा, फोडी पुन्हा होत्या तशा जुळवा आणि रबर लावा. हवा लागली नाही की काळं पडत नाही. शिवाय मुलांना रबर काढायची मजा. नाहीतर एक कप पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून फोडी पाच-दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून काढा. लिंबानेही होतं, पण माझी मुलगी 'आंबट लागतं' म्हणून परत करते.

उंटावरचा

अवांतर : डोंगराळ रस्ता असेल तर हवाबंद पाकिटं चढावर फुगतात ते बघा. मुलांना दाखवायला भारी आहे. हजार मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण 11 टक्क्यांनी घटतो, आतली हवा तेवढीच असते, म्हणून पाकीट टम्म. गंमत इथपर्यंतच. घट्ट झाकणाचा दह्याचा डबा किंवा रसाची पिशवी वर पोचल्यावर उघडलीत की ते सरळ कपड्यांवर येतं. तोंड स्वतःपासून लांब धरून, टॉवेलखाली, हळूच उघडा. गाडीत नाही, बाहेर.

(बघा, परत तेच. बाहेर.)

मागची सीट

हे सगळं कागदावर उतरवून घेतेय. आता आमच्या घरातला खरा वाद. मुलाचं म्हणणं, माझा डबा माझ्या हातात द्या. नवऱ्याचं म्हणणं, पिशवी पुढे माझ्यापाशी राहील, मागितलं की मिळेल. तुमच्याकडे कसं करता?

थर्मास

प्रत्येकाचा डबा. वादच नाही. सगळं आधीच वाटलेलं, तुला तीन मला दोन बंद. कप्प्यांचा डबा घेतला तर एका नजरेत दिसतं काय आहे.

किलोमीटर

पहिल्या वीस मिनिटांत रिकामा होतो तो डबा. नंतर दुसऱ्याचा बघत बसायचं. आमच्याकडे पिशवी पुढे.

ओली फडकी

पिशवी पुढे असली की पुढच्याला दर पाच मिनिटांनी कमरेतून वळावं लागतं, आणि पुढचा म्हणजे बऱ्याचदा आई. तीही प्रवासाला निघालेली असते, हे विसरू नये.

आमचा मधला मार्ग असा. नऊ वर्षांच्याला त्याचा डबा द्यायचा, पण एका थांब्यापुरताच. संपवला दहा मिनिटांत तर त्याची मर्जी, पुढच्या थांब्यापर्यंत पाणी पी. एकदा अनुभव आला की पुढच्या वेळी पोरं स्वतःच वाटून खातात. तीन वर्षांच्या मुलीचा डबा मात्र शेजारच्या मोठ्या माणसाकडे, डबा उघडा यांनी सांगितलं त्या कारणासाठी. आजोबा शेजारी बसणार असतील तर त्यांना आधी सांगून ठेवा काय द्यायचं नाही. आजोबा लोक मऊ मनाचे असतात.

हिशेबनीस

डब्यांसाठी वेगळे पैसे घालू नका. घरात झाकणं हरवलेले डबे सोडून जे उरतात ते पुरतात. लाह्या-शेंगदाण्यांना रुंद तोंडाचे बरणीवजा डबे बरे, हात आत जातो आणि कलंडले तरी सगळं सांडत नाही. ताट-वाटीसारखं पसरट काही नको.

साखरझोप

उशिरा लिहितोय. मागची सीट, सासऱ्यांना मधुमेह आहे का? नसेल तर सोडून द्या. असेल आणि इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे वाचा.

प्रवासात जेवणाची वेळ पुढे सरकते, गोळी मात्र वेळेवर घेतली जाते. साखर खाली जाते ती अशी. थरथर, घाम, चिडचिड, गोंधळल्यासारखं बोलणं. गाडीत 'झोप झाली नाही' म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. अशा वेळी लगेच चढणारी 15 ग्रॅम साखर द्यायची : साधारण अर्धा कप फळांचा रस किंवा ग्लुकोजच्या तीन-चार गोळ्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट या कामाचं नाही, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ वैद्यकीय मदत.

हा खाऊ मुलांच्या पिशवीत ठेवू नका, नाहीतर नेमका हवा तेव्हा संपलेला असेल. वेगळी पुडी, वडीलधाऱ्यांच्या खिशात.

बाकी खाण्यात त्यांना मनुका-खजुरांपेक्षा शेंगदाणे, काकडी, अंडं, चीज बरं. सुकलेल्या फळात पाणी गेलेलं असतं, साखर तेवढीच राहते, म्हणून मूठभर म्हणजे बरीच होते. 'फळच तर आहे' म्हणत डबा संपतो.

मागची सीट

साखरझोप, आहे मधुमेह, आणि गोळीही त्याच प्रकारची आहे. त्यांची वेगळी पुडी हे आमच्या डोक्यातच आलं नसतं. त्यांना आत्ताच वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'म्हणजे आता माझ्याही खिशात खाऊ.' खूश आहेत.

मी असं ठरवलंय. आदल्या सकाळी बाटल्या फ्रीजरमध्ये. रात्री शेंगदाणे भाजायचे, लाह्या, गाजर वाफवून फ्रीजमध्ये, अंडी उकडून फ्रीजमध्ये सालीसकट. सँडविच पहाटे. पहिल्या थांब्याला सँडविच आणि अंडी, गाडीबाहेर बसून. दुसऱ्याला काकडी, द्राक्षं, दही. त्यानंतर कोरडं. मुलाचा डबा थांब्यापुरता, मुलीचा माझ्यापाशी, आणि मी मागे बसणार. (नाव सार्थ.) नवऱ्याला पुढे पिशवी मिळणार नाही हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

एकच राहिलं. कचरा. सालं, टरफलं, ओले कागद, हे सगळं शेवटी दाराच्या कप्प्यात जातं आणि आठवड्याने सापडतं.

ओली फडकी

जुना उभा प्लास्टिकचा डबा घ्या, झाकणाचा, ज्यात घरी कोरडे जिन्नस ठेवतो तसला. आत पिशवी लावायची, तोंड बाहेर दुमडायचं, वर झाकण. वास बाहेर येत नाही आणि कलंडला तरी सांडत नाही. पिशव्या चार-पाच जास्तीच्या त्याच डब्याच्या तळाशी ठेवून द्या, म्हणजे पहिली काढली की दुसरी हाताशी. प्रत्येक थांब्यावर रिकामा करायचा, भरला नसला तरी. हे काम मुलाला द्या.

उंटावरचा

आणि सासऱ्यांच्या खिशातली पुडी मुलाला दाखवू नका.

नवखी

अंडी सालीसकट का? सोलून नेली तर थांब्यावर टरफलांचा पसारा नाही होणार?

ओली फडकी

साल असली की फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतात आणि फ्रीजचा वासही धरत नाहीत. सोललेली बुळबुळीत होतात. पसारा नको असेल तर पहाटे निघतानाच सोला, कोरड्या कागदात गुंडाळा आणि गार पेटीत टाका. पहिल्या थांब्यालाच संपवायची असली तर चालतं. मीठ वेगळ्या पुडीत, आधी लावलं तर पाणी सुटतं.